वेबसाइटला स्वतःचं प्लगइन लिहिताय? मग त्याला सांभाळणार कोण?

(भागाचं लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकला आहे. बाकी जसंच्या तसं.)

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. वर्डप्रेसमध्ये वेबसाइट तर झाली, पण आम्हाला हवी ती एक गोष्ट कुठल्याच तयार प्लगइनमध्ये नाही, स्वतः लिहू का? आजचा भाग त्यावर. आधी एक किस्सा सांगतो. त्यात शहाणा मी नाहीये, उलट गाढवपणा माझाच आहे, त्यामुळे निवांत ऐका.

जुलै २०२३, शुक्रवारची रात्र, साडेअकरा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्वारगेटहून बस निघणार, आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा राजगड. ३८ लोक. या ग्रुपची वेबसाइट मी सांभाळतो आणि नोंदणीचं प्लगइन २०१९ मध्ये मीच लिहिलंय. त्या फॉर्ममध्ये नाव, फोन, रक्तगट, काही आजार किंवा औषध चालू आहे का, आणि घरचा एक नंबर असं सगळं भरून घेतो. आमचा लीडर दर शुक्रवारी रात्री मोबाइलवर डॅशबोर्ड उघडतो, यादी वाचतो आणि कोणाला कुठल्या गटात ठेवायचं ते ठरवतो. पावसात गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेनं चढायचं म्हटल्यावर ही यादी नुसती हजेरीची नसते, हे वेगळं सांगायला नको.

फोन वाजला. “अरे, यादी उघडत नाहीये.”

म्हटलं, रेंज नसेल. “मी घरी आहे रे, वायफायवर. तू उघडून बघ.”

उघडली. वर मेनू दिसतोय आणि त्याखाली एकच इंग्रजी वाक्य, की या साइटवर गंभीर एरर आलाय. डॅशबोर्डवर गेलो तर तिथेही तेच.

आता इथे थोडं थांबून प्लगइन म्हणजे नेमकं काय ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वर्डप्रेस हा कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमचा, म्हणजे सीएमएसचा, एक प्रकार. २००३ मध्ये आला. प्लगइनची सोय २००४ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. ड्रुपल नावाचा दुसरा सीएमएस यालाच मॉड्यूल म्हणतो. नाव काहीही असो, कल्पना एकच: मूळ सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, आपला कोड बाजूला वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि मूळ सॉफ्टवेअरनं ठिकठिकाणी जी हुकं ठेवलीयत त्यांना तो अडकवायचा. तो शब्दच ‘हुक’ आहे, मी बनवला नाही. पान तयार होत असताना वर्डप्रेस शेकडो ठिकाणी क्षणभर थांबून विचारतं, “इथे कोणाला काही करायचंय का?” ज्याचं फंक्शन तिथे अडकवलेलं असेल ते चालतं. कुठे नवीन काहीतरी घडवायचं असतं, त्याला ॲक्शन म्हणतात. कुठे आलेला मजकूर बदलून परत द्यायचा असतो, तो फिल्टर. बास, एवढ्या दोन गोष्टींवर सगळा खेळ चालतो.

गंमत म्हणजे प्लगइन बनवायला फार काही लागत नाही. एक पीएचपी फाइल आणि तिच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये प्लगइनचं नाव. ती फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकली की डॅशबोर्डमध्ये तुमचं प्लगइन दिसायला लागतं. सुरू करणं इतकं सोपं आहे म्हणूनच लोक फसतात. मी फसलो.

बरं, मी निदान एक गोष्ट बरोबर केली होती, कोड वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवला होता. अनेक जण घाईत दोन शॉर्टकट घेतात. एक म्हणजे थेट वर्डप्रेसच्या मूळ फाइलमध्ये बदल. तो पुढच्या अपडेटला पुसला जातो, आणि २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून छोटी अपडेट्स आपोआप होतात, म्हणजे तुम्ही झोपलेले असतानाही. दुसरा शॉर्टकट थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये कोड चिकटवण्याचा. यूट्यूबवर निम्मे लोक हेच सांगतात. थीम अपडेट झाली की तो कोड गेला, आणि थीम बदलली तरी गेला. रंगरूप बदललं म्हणून नोंदणी बंद पडणं बरोबर आहे का? नाही ना? साधा नियम असा, की दिसण्याशी संबंध असेल तर थीममध्ये, तेही चाइल्ड थीममध्ये, आणि कामाशी संबंध असेल तर प्लगइनमध्ये.

परत त्या रात्रीकडे.

झालं काय होतं, तर आमच्या होस्टिंगवाल्यांनी त्या संध्याकाळी सर्व्हरवरचं पीएचपी ७.४ वरून ८.१ वर नेलं. त्यात त्यांची चूक काहीच नाही, कारण ७.४ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं होतं. त्यांनी आधी मेलही पाठवले होते. ते मेल जात होते माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर, जो मी केव्हाच बघायचा सोडला होता.

आणि माझ्या कोडमध्ये एक ओळ होती, वेटिंग लिस्टमध्ये किती जण आहेत ते मोजणारी. वेटिंगला कोणीच नसेल तर वर्डप्रेस तिथे यादीऐवजी रिकामी स्ट्रिंग देतं. मी ती तपासलीच नव्हती, सरळ मोजायला दिली होती. पीएचपी ७.४ काय करायचं? मनातल्या मनात कुरकुर करायचं, म्हणजे लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहायचं, आणि उत्तर द्यायचं ‘१’. म्हणून आमच्या साइटवर वेटिंगला कोणी नसलं तरी कायम ‘प्रतीक्षायादीत १’ असं दिसायचं. ग्रुपमध्ये त्यावर विनोद चालायचे, हा एक कोण बाबा आहे जो प्रत्येक ट्रेकला वेटिंगला असतो! मीही हसायचो. चार वर्षं तो आकडा मला सांगत होता, की इथे काहीतरी चुकलंय.

पीएचपी ८ ला हे चालत नाही. मोजता न येणारी वस्तू मोजायला दिलीत तर ते कुरकुर करत नाही, तिथेच काम थांबवतं. आणि मी हौसेनं हा आकडा प्रत्येक पानाच्या कडेला आणि डॅशबोर्डच्या मेनूमध्येही लावला होता. म्हणून सगळंच बंद.

मग काय केलं? लॅपटॉप ऑफिसमध्ये, हातात फक्त फोन. हे तुम्हाला कधीतरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर असतो, तो मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतो, जरा बोटं दुखतात एवढंच. तिथे प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये जाऊन माझ्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, शेवटी नुसतं ‘बंद’ जोडलं. वर्डप्रेसला ती फाइल सापडत नाही, म्हणून ते तिला सोडून पुढे जातं. साइट उघडली. नोंदणीच्या पानावर फॉर्मच्या जागी चौकटी कंसातला शॉर्टकोड तसाच उघडा पडलेला, पण निदान साइट उभी होती.

यादी मात्र प्लगइनशिवाय दिसणार नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, प्लगइन बंद केलं म्हणून डेटा जात नाही. तो डेटाबेसमध्ये असतोच, फक्त दाखवणारा कोड नसतो. पॅनेलमधून पीएचपीमायॲडमिन उघडलं, नोंदणीचं टेबल शोधलं, ३८ ओळी होत्या. फोन आडवा करून स्क्रीनशॉट काढत बसलो आणि लीडरला पाठवत गेलो. एकीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दमा आहे, इनहेलर जवळ ठेवते’. लीडरचा लगेच मेसेज, “हिला मधल्या गटात घेतो, माझ्यासोबत.” तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

ट्रेक छान झाला, कोणाला काही झालं नाही. पण ते वाक्य त्या रात्री वाचलंच गेलं नसतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, वर्डप्रेसमध्ये रिकव्हरी मोड असतो ना? असतो. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून आहे. एखाद्या प्लगइननं असा घोळ घातला की वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर एक खास लिंक पाठवतं. तिच्यावरून लॉगिन केलं तर ते बिघडलेलं प्लगइन तेवढ्यापुरतं, फक्त तुमच्यासाठी, बाजूला ठेवलं जातं आणि तुम्ही डॅशबोर्डमध्ये जाऊन दुरुस्ती करू शकता. फार चांगली सोय आहे. मला ती लिंक आलीच होती. कुठे? कॉलेजच्या पत्त्यावर.

म्हणून आत्ताच, हा भाग पॉज करून, तुमच्या साइटच्या सेटिंग्जमध्ये ॲडमिनचा ईमेल कोणता आहे ते बघा. खरंच बघा, मी थांबतो.

हं. पुढे.

रविवारी प्लगइन दुरुस्त करायला बसलो. मोजण्याची ओळ दोन मिनिटांत नीट झाली. मग म्हटलं आलोच आहे तर सगळा कोड एकदा वाचून काढू. चार वर्षांपूर्वीचा आपलाच कोड वाचणं म्हणजे आपलेच जुने फेसबुक स्टेटस वाचण्यासारखं. वाचता वाचता एका जागी येऊन पोटात गोळाच आला.

यादी एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचं बटण होतं. ते फक्त ॲडमिनला चालावं म्हणून मी ‘इज ॲडमिन’ नावाचं वर्डप्रेसचं फंक्शन वापरलं होतं. नावावरून काय वाटतं? माणूस ॲडमिन आहे का, ते तपासत असेल. तर नाही! ते फक्त एवढंच सांगतं, की आत्ता चाललेली विनंती साइटच्या ॲडमिन भागातली आहे की नाही. माणूस कोण आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि ॲडमिन भागात ‘ॲडमिन-एजॅक्स’ आणि ‘ॲडमिन-पोस्ट’ या दोन फाइली अशा आहेत, की त्या लॉगिन न केलेल्या माणसासाठीही उघड्या असतात, कारण बाहेरच्या फॉर्मना त्यांची गरज पडते. त्या दारातून आलेल्या कोणालाही ‘इज ॲडमिन’ हो म्हणतं. मी ज्या हुकवर डाउनलोड लावला होता, तो हुकही तिथे चालतो.

फोनवर इनकॉग्निटो विंडो उघडली, लॉगिन न करता पत्ता टाइप केला, एंटर. फाइल डाउनलोड. चार वर्षांतली सहाशेच्या वर माणसं. नावं, फोन, रक्तगट, आजार, घरच्यांचे नंबर.

सर्व्हरचे लॉग तपासले. होस्टिंगकडे ३० दिवसांचेच होते, त्यात माझ्याशिवाय कोणी तो पत्ता उघडलेला नव्हता. त्याआधीच्या चार वर्षांचं मला कधीच कळणार नाही. ग्रुपवर सगळ्यांना जे झालं ते सरळ लिहून कळवलं. दोन-तीन जण चिडले. चिडायलाच हवं होतं.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. माणसाचा अधिकार तपासण्यासाठी वेगळं फंक्शन असतं, ‘करंट युजर कॅन’, ते लावलं. बटणाला नॉन्स जोडला. नॉन्स म्हणजे एक छोटा, थोड्या वेळात बाद होणारा कोड. ही क्लिक आपल्याच पानावरून आली आहे, दुसऱ्या कुठल्या साइटनं लॉगिन असलेल्या ॲडमिनकडून नकळत करून घेतलेली नाही, याची खात्री तो करतो. दोन्ही लागतात. नॉन्स अधिकार तपासत नाही आणि अधिकाराची तपासणी नॉन्सचं काम करत नाही.

तिसरी दुरुस्ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ट्रेक झाल्यावर ३० दिवसांनी आजार आणि घरचे नंबर आपोआप पुसले जातात. जो डेटा नाहीच, तो फुटणार कसा? हे काम वर्डप्रेसच्या क्रॉनवर लावलंय. एक सूचना, हा क्रॉन घड्याळावर चालत नाही, साइटवर कोणीतरी आलं की चालतो. फार वर्दळ नसलेल्या साइटवर तो तासन्‌तास उशिरा चालू शकतो. महिन्याच्या हिशोबाला चालतं, मिनिटांच्या हिशोबाला नाही.

आता थोडं मराठीबद्दल, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही आणि आपल्याला पावलोपावली नडतं.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘राजगड’ या शब्दात काना धरून पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन १५ सांगतं. तुम्ही ‘नाव २० पेक्षा मोठं असेल तर कापा’ असं लिहिलंत, तर ते २० बाइटवर कापतं, म्हणजे सातव्या चिन्हाच्या मधोमध, आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. ‘एमबी’ने सुरू होणारी फंक्शन्स वापरली तर चिन्ह तुटत नाही, पण वेलांटी मात्र अक्षरापासून तुटू शकते, ‘कि’चा ‘क’ होतो. पूर्ण अक्षर जपायचं तर ‘ग्राफीम’वाली फंक्शन्स असतात, ती सर्व्हरवर इंटल एक्स्टेंशन असेल तर चालतात.

पानाच्या पत्त्याचंही तसंच. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्त्यात प्रत्येक चिन्हाचे नऊ अक्षरांचे टक्केवाले तुकडे करून साठवतं, आणि त्या रकान्याची मर्यादा २०० आहे. भागाकार करा, बावीसच चिन्हं बसतात. म्हणून लांब मराठी शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात. तुमचं मॉड्यूल पत्त्यावरून काही शोधत असेल तर ‘पावसाळी ट्रेक राजगड जुलै’ आणि ‘पावसाळी ट्रेक राजगड ऑगस्ट’ यांत गोंधळ होण्याआधीच पत्ता हातानं छोटा करून द्या. आणि एक्सेलमध्ये उतरवलेली यादी कचऱ्यासारखी दिसत असेल, तर फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाचं तीन बाइटचं चिन्ह लिहा. नाहीतर एक्सेलला कळतच नाही की हे यूटीएफ-८ आहे. या एका गोष्टीवर मी एक अख्खा रविवार घालवला होता.

सांभाळण्याबद्दल मी आता काय करतो, ते सांगतो. कोड गिटमध्ये आहे, आणि खातं ग्रुपचं आहे, माझं नाही. मी उद्या बंगळुरूला गेलो तर दुसऱ्याला तो मिळायला हवा. सोबत एक पानभर मराठीत लिहून ठेवलंय, हे प्लगइन काय करतं, डेटा कुठल्या टेबलात आहे, बंद कसं करायचं. साइटची एक प्रत वेगळ्या सबडोमेनवर आहे, पासवर्डमागे आणि खोट्या नावांसह. वर्डप्रेसची मोठी आवृत्ती किंवा नवं पीएचपी यायच्या आधी तिथे चालवून बघतो. त्या प्रतीवर डीबग चालू असतो, म्हणजे पीएचपीची ती मनातली कुरकुर मोठ्यानं ऐकू येते. खऱ्या साइटवर एरर पडद्यावर दाखवू नका, लॉगमध्ये लिहू द्या, पण लॉग वाचा तरी!

आणखी एक धोका, जो फार जणांना माहीत नसतो. वर्डप्रेस तुमच्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव स्वतःच्या सार्वजनिक यादीशी ताडून बघतं. त्याच नावाचं प्लगइन उद्या दुसऱ्या कोणी तिथे टाकलं, तर तुमच्या डॅशबोर्डवर ‘अपडेट उपलब्ध’ येईल आणि एका क्लिकवर तुमच्या कोडवर परक्याचा कोड बसेल. ‘ट्रेक-बुकिंग’सारखं सर्वसाधारण नाव असेल तर हे सहज होऊ शकतं. २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून फाइलच्या डोक्यावर ‘अपडेट यूआरआय’ अशी एक ओळ टाकता येते, ती असली की वर्डप्रेस ही तुलना करत नाही. फंक्शनच्या नावांआधीही आपल्या ग्रुपची दोन-चार अक्षरं जोडा. दोन प्लगइनमध्ये एकाच नावाचं फंक्शन आलं, तर पुन्हा तोच पांढरा पडदा.

राहिला मूळ प्रश्न, स्वतः लिहावं का? हल्ली चॅटबॉटला सांगितलं की दहा मिनिटांत प्लगइन मिळतं, मीही घेतो. पण लिहायला किती वेळ लागतो हा प्रश्नच नाहीये. पुढची पाच वर्षं ते कोण वाचणार आहे? ज्या कोडमधली एकेक ओळ तुम्ही समजावून सांगू शकत नाही, त्यात लोकांचे फोन नंबर ठेवू नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे. साधा संपर्क फॉर्म किंवा फोटो गॅलरी हवी असेल तर तयार, नियमित अपडेट होणारं प्लगइन घ्या. वर्डप्रेसच्या साइटवर ते शेवटचं कधी अपडेट झालं ते दिसतं, आणि गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर तसा इशाराही असतो. स्वतःचं तेव्हाच लिहा, जेव्हा गरज खरंच तुमचीच आहे. आमची गट पाडण्याची पद्धत कुठल्याच तयार प्लगइनमध्ये नव्हती, म्हणून आमचं अजून चालू आहे.

आणि हो, दुरुस्तीनंतर साइटवर पहिल्यांदा ‘प्रतीक्षायादीत ०’ असं दिसलं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर लीडरचा मेसेज आला, “अरे, तो एक जण कुठे गेला?”